दोन भाषा, एक मेंदू

(आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी उर्दू बोलली जाते आणि घराबाहेर मराठी कानांवर पडते. एकाच माणसाच्या मेंदूत दोन भाषा कशा नांदतात? त्यांची एकमेकींशी गल्लत होते का? या प्रश्नांची उत्तरे शास्त्रज्ञांनी कशी शोधली, ते प्रस्तुत पाठात सोप्या भाषेत सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, आज मी तुम्हांला माझ्या वर्गातील एका मुलीची गोष्ट सांगणार आहे. ती सातवीत शिकत होती. तिचे वडील यंत्रमागावर काम करत. घरी सगळे उर्दू बोलत. मराठीच्या तासाला ती नेहमी शेवटच्या बाकावर बसे. धडा वाचायला सांगितला, की तिचा आवाज इतका बारीक होई, की शेजारच्या मुलीलाही तो नीट ऐकू येत नसे. पालकसभेत तिचे वडील मला म्हणाले, "सर, पहले एक ज़बान तो ठीक से आने दीजिए. दो-दो ज़बानों से बच्ची का दिमाग़ उलझ जाएगा." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती.

पुढे काही दिवसांनी तिच्या अब्बांच्याच छातीत दुखू लागले. त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी उपचार केले. चार दिवसांनी घरी सोडताना परिचारिका तिच्या अम्मींना म्हणाल्या, "भाभी, पुन्हा छातीत दुखलं तर ही गोळी लगेच जिभेखाली ठेवायची. गिळायची नाही. आणि ताबडतोब इकडे घेऊन यायचं."

अम्मींना मराठी फारसे कळत नव्हते. एवढ्या बोलण्यातून 'खाली' हा एकच शब्द त्यांना ओळखीचा वाटला. त्या मान हलवून म्हणाल्या, "समझ गई. ख़ाली पेट देनी है."

ती मुलगी शेजारीच उभी होती. ती पटकन म्हणाली, "नहीं अम्मी, ख़ाली पेट नहीं. ज़बान के नीचे रखनी है. निगलनी नहीं है." मग परिचारिकेकडे वळून तिने मराठीत विचारले, "बरोबर ना, सिस्टर?" आणि हे तिने चांगल्या मोठ्या आवाजात विचारले.

मुलांनो, जिभेखाली ठेवलेले औषध तोंडातील बारीक रक्तवाहिन्यांतून थेट रक्तात जाते. म्हणून त्याचा गुण काही मिनिटांत येतो. छातीत कळ आलेली असताना ही गोळी उपाशी पोटासाठी राखून ठेवली असती, तर काय झाले असते, याचा तुम्हीच विचार करा.

दुसऱ्या दिवशी शाळेत आल्यावर तिने मला हे सगळे सांगितले आणि एक प्रश्न विचारला. ती म्हणाली, "सर, 'खाली' ऐकल्यावर मलाही आधी 'रिकामे' असेच वाटले. मग लगेच 'नीचे' हा अर्थ आठवला. असे का होते? माझ्या डोक्यात दोन्ही भाषा एकमेकींत मिसळल्या आहेत का?"

प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नव्हते. म्हणून हा पाठ लिहिला आहे.

प्रथम आपण मेंदूची ओळख करून घेऊ. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन दीड किलोपेक्षाही थोडे कमी असते. त्यात सुमारे ८६ अब्ज, म्हणजे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. मेंदूचे डावा आणि उजवा असे दोन अर्धगोल असतात. बहुतेक माणसांमध्ये भाषेचे मुख्य काम डावा अर्धगोल करतो. ही गोष्ट आपल्याला कशी कळली?

फ्रान्समध्ये पॅरिसजवळ बिसेत्र नावाचे रुग्णालय होते. तेथे लबोर्न नावाचा एक रुग्ण २१ वर्षे राहत होता. त्याला काहीही विचारले तरी तो 'तां' एवढेच म्हणत असे. त्यामुळे सगळे त्याला 'तां' याच नावाने ओळखत. लोकांचे बोलणे त्याला बरेचसे समजत होते, पण स्वतःला बोलता येत नव्हते. १८६१ साली त्याचा मृत्यू झाला. तेव्हा पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला. डाव्या अर्धगोलाच्या पुढच्या भागात एका ठिकाणी त्यांना इजा झालेली दिसली. या भागाला आज 'ब्रोकाचे क्षेत्र' म्हणतात. बोलण्यासाठी शब्दांची जुळणी करण्याच्या कामात हा भाग महत्त्वाचा आहे.

त्यानंतर १८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन डॉक्टरांनी दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या वेळी वेर्निके अवघे २६ वर्षांचे होते. त्यांचे रुग्ण भराभर बोलत, पण त्या बोलण्याचा अर्थ लागत नसे. दुसऱ्याचे बोलणेही त्यांना समजत नसे. त्यांच्या मेंदूत डाव्या बाजूला, कानाच्या वर थोडे मागे असलेल्या भागाला इजा झाली होती. हे 'वेर्निकेचे क्षेत्र' होय.

या दोन शोधांमुळे पुष्कळ वर्षे लोकांना वाटे, की बोलण्याची एक खोली आणि समजण्याची दुसरी खोली, असे मेंदूचे घर आहे. आज आपल्याला माहीत आहे, की भाषेचे काम अशा एकदोन जागी होत नाही. मेंदूचे अनेक भाग चेतातंतूंच्या जाळ्याने जोडलेले असतात आणि ते सगळे मिळून हे काम करतात. यंत्रमागावर एक धागा तुटला, की कापड बिघडते. पण कापड काही त्या एका धाग्याने विणलेले नसते. तसेच हे आहे.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. ज्याला दोन भाषा येतात, त्याच्या मेंदूत भाषेची दोन जाळी असतात की एकच?

याचे पहिले धागेदोरे आजारी माणसांकडूनच मिळाले. पक्षाघाताने वाचा गेलेल्या काही रुग्णांना आजारापूर्वी दोन-तीन भाषा येत होत्या. १८९५ साली फ्रान्समधील आल्बेर पित्र या डॉक्टरांनी अशा रुग्णांविषयी लिहिले. जी भाषा रोजच्या वापरात सर्वांत सवयीची होती, ती आधी परत येते, असे त्यांना आढळले. पुढे इतर डॉक्टरांनी आणखी रुग्ण पाहिले. बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरच बिघडतात आणि बरोबरच सुधारतात, असे दिसून आले. पण काही रुग्णांची एकच भाषा परत येते आणि दुसरी मागे राहते.

यातून काय समजते? दोन्ही भाषा अगदी वेगळ्या कप्प्यांत असत्या, तर बहुतेक वेळा त्या एकदमच बिघडल्या नसत्या. आणि त्या पाण्यातल्या साखरेसारख्या एकजीव झालेल्या असत्या, तर एकच भाषा परत येणे शक्य झाले नसते. म्हणजे खरे उत्तर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी आहे.

पुढे जिवंत आणि निरोगी माणसाचा मेंदू काम करताना पाहता येईल, असे यंत्र निघाले. मेंदूचा जो भाग काम करतो, तिकडे प्राणवायूने भरलेले रक्त अधिक जाते. एम.आर.आय. यंत्राच्या साहाय्याने हा फरक टिपता येतो. माणसाला त्यात झोपवून मनातल्या मनात बोलायला सांगतात आणि कोणता भाग जागा झाला, ते पाहतात. त्यासाठी सुई टोचावी लागत नाही, की काही कापावे लागत नाही.

१९९७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क येथे दोन भाषा बोलणाऱ्या १२ माणसांवर असा प्रयोग झाला. त्यांतील ६ जणांना दोन्ही भाषा लहानपणापासून येत होत्या. उरलेले ६ जण दुसरी भाषा मोठेपणी शिकले होते. लहानपणापासून दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या ब्रोकाच्या क्षेत्रात दोन्ही भाषांसाठी एकच जागा काम करत होती. मोठेपणी शिकलेल्यांच्या ब्रोकाच्या क्षेत्रात दोन भाषांच्या जागा एकमेकींच्या शेजारी, पण थोड्या वेगळ्या दिसल्या. वेर्निकेच्या क्षेत्रात मात्र दोन्ही गटांत फारसा फरक दिसला नाही.

त्यानंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. त्यांतून मुख्य गोष्ट स्पष्ट झाली. एक भाषा बोलणारा असो की दोन भाषा बोलणारा, भाषेसाठी मेंदूतील जाळे मुळात तेच वापरले जाते. दुसऱ्या भाषेसाठी डोक्यात नवी पेटी आणावी लागत नाही. नवी भाषा कच्ची असते, तेव्हा मेंदूला जास्त कष्ट पडतात आणि आजूबाजूच्या भागांची मदत घ्यावी लागते. भाषा जसजशी पक्की होते, तसतसे तिचे काम पहिल्या भाषेच्या जागीच होऊ लागते.

मेंदू वापराने बदलतो, हेही दिसून आले आहे. मेंदूत जेथे चेतापेशी दाटीने असतात, त्या भागाचा रंग करडा असतो. २००४ साली लंडनमधील शास्त्रज्ञांनी एक भाषा आणि दोन भाषा बोलणाऱ्यांच्या मेंदूंची तुलना केली. दोन भाषा बोलणाऱ्यांच्या डाव्या अर्धगोलातील एका भागात हा करडा थर अधिक दाट होता. दुसरी भाषा जितकी लवकर आणि जितकी चांगली शिकलेली, तितका हा फरक जास्त होता. तालीम केल्याने पहिलवानाचा दंड भरतो, तसेच काहीसे हे म्हणता येईल.

पाहा, मी 'तालीम' हा शब्द वापरला आणि तुमच्यापैकी काहींना क्षणभर शाळा आठवली असेल! उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत 'तालीम' म्हणजे व्यायाम, कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. आता आपण त्या मुलीच्या प्रश्नाच्या अगदी जवळ आलो.

१९९९ साली अमेरिकेत रशियन आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा जाणणाऱ्या विद्यार्थ्यांवर एक गमतीदार प्रयोग झाला. त्यांच्यासमोर काही वस्तू ठेवल्या होत्या. त्यांत पोस्टाचे एक तिकीट आणि एक मार्कर पेन होते. रशियन भाषेत पोस्टाच्या तिकिटाला 'मार्का' म्हणतात. विद्यार्थ्यांना रशियन भाषेतून तिकीट उचलायला सांगितले. त्यांनी तिकीटच उचलले. पण त्यांचे डोळे कोठे जातात, हे एक यंत्र टिपत होते. त्यात असे दिसले, की तिकिटाकडे जाण्यापूर्वी डोळे पुष्कळदा मार्कर पेनाकडे जाऊन येत. कारण 'मार्का' आणि 'मार्कर' या शब्दांची सुरुवात सारखीच आहे. बोलणे फक्त रशियन भाषेत चालू होते, तरी इंग्रजी भाषा आत जागीच होती.

मुलांनो, दोन भाषा जाणणाऱ्याची एकही भाषा पूर्णपणे झोपी जात नाही. कानावर शब्द पडताच दोन्ही भाषा उत्तर द्यायला हात वर करतात. मग मेंदू प्रसंग पाहतो, समोरचा माणूस पाहतो, आजूबाजूचे शब्द पाहतो आणि एका भाषेला बोलू देतो. हे सगळे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच घडते. 'खाली' ऐकून आधी 'रिकामे' आणि मग 'नीचे' आठवले, ते याचमुळे. तिची आई उर्दूच्या अर्थापाशी थांबली, कारण दुसरा अर्थ तिच्याजवळ नव्हता. मुलीजवळ दोन्ही अर्थ होते आणि 'जिभे' या शब्दाने तिला योग्य अर्थ दाखवला.

एकच भाषा बोलणाऱ्याला अशी निवड करावी लागत नाही, असे मात्र समजू नका. 'पा...' ऐकल्याबरोबर त्याच्याही मेंदूत पाणी, पान, पाऊस, पाटी असे शब्द जमा होतात. फरक एवढाच, की त्याच्याकडे एका वर्गातील मुले हात वर करतात आणि तुमच्याकडे दोन वर्गांतील!

उर्दू आणि मराठी यांच्या बाबतीत ही गर्दी जास्तच होते. मध्ययुगात महाराष्ट्रात शेकडो वर्षे दरबाराचा कारभार फारसी भाषेत चाले. त्यामुळे अर्ज, तारीख, वकील, कागद, दुकान, हजर, खर्च असे कितीतरी शब्द मराठीत आले आणि तिचेच झाले. पुष्कळ शब्दांचा अर्थ दोन्ही भाषांत एकच आहे. ते तुम्हांला फुकट मिळालेले आहेत. काही शब्दांचे अर्थ मात्र वाटेत बदलले. उर्दूत 'सही' म्हणजे बरोबर, मराठीत 'सही' म्हणजे दस्तखत. उर्दूत 'बाज़ू' म्हणजे दंड, मराठीत 'बाजू' म्हणजे कड. उर्दूत 'मुलाक़ात' म्हणजे भेट, मराठीत 'मुलाखत' म्हणजे प्रश्न विचारण्यासाठी घेतलेली भेट. उर्दूत 'फ़ाज़िल' म्हणजे विद्वान. मराठीत कोणाला 'फाजील' म्हटले, तर त्याला राग येईल!

एका भाषेला बोलू द्यायचे आणि दुसरीला थोपवून धरायचे, हे काम मेंदूच्या पुढच्या भागातील आणि आत खोलवर असलेल्या काही भागांतील चेतापेशी करतात. हे थोपवणे किती अवघड असते, याचा अनुभव तुम्हांलाही घेता येईल. एका कागदावर हिरव्या पेन्सिलीने 'लाल' असे लिहा. निळ्या पेन्सिलीने 'पिवळा' लिहा. लाल पेन्सिलीने 'हिरवा' लिहा. असे दहा-बारा शब्द लिहून मित्राला सांगा, "शब्द वाचू नकोस, फक्त रंग सांग." तो अडखळेल. कारण डोळ्यांना शब्द दिसला, की मेंदू तो आपोआप वाचून टाकतो आणि त्याला थोपवावे लागते. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने अशा प्रयोगांविषयी १९३५ साली लिहिले. आता हेच शब्द उर्दूत लिहा आणि रंग मराठीत सांगायला लावा. काय होते, ते स्वतः पाहा.

तुम्ही दोन भाषा नुसत्या बोलत नाही, तर दोन लिप्याही वाचता. उर्दू उजवीकडून डावीकडे आणि मराठी डावीकडून उजवीकडे. वाचताना आपली नजर ज्या शब्दावर असते, त्याच्या पुढचीही काही अक्षरे मेंदू टिपत असतो. १९८१ साली हिब्रू आणि इंग्रजी वाचणाऱ्यांवर याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. हिब्रू उर्दूप्रमाणेच उजवीकडून डावीकडे लिहितात. तेच वाचक हिब्रू वाचताना डावीकडची अक्षरे जास्त टिपत होते आणि इंग्रजी वाचताना उजवीकडची. २०१४ साली उर्दू आणि इंग्रजी वाचणाऱ्यांच्या बाबतीतही असेच आढळले. म्हणजे उर्दूचा तास संपून मराठीचा तास सुरू झाला, की वही उलट बाजूने उघडते आणि तुमच्या मेंदूचे लक्षही बाजू बदलते.

आता त्या मुलीच्या अब्बांच्या काळजीविषयी बोलू. दोन भाषांमुळे मूल मागे पडते का?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ विद्वानांनाही तसेच वाटत होते. दोन भाषा बोलणाऱ्या मुलांना बुद्धीच्या चाचण्यांत कमी गुण मिळत. पण त्या चाचण्यांत मोठा दोष होता. परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांतील मुलांची तुलना सुखवस्तू घरांतील मुलांशी केली जाई. कित्येकदा चाचणीही मुलाला नीट न येणाऱ्या भाषेत असे. १९६२ साली कॅनडातील माँट्रियल येथे एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट या मानसशास्त्रज्ञांनी हा दोष टाळला. त्यांनी सारख्या परिस्थितीतील दहा वर्षांची मुले निवडली. तेव्हा फ्रेंच आणि इंग्रजी या दोन्ही भाषा चांगल्या येणारी मुले मागे नव्हती. उलट पुढेच होती.

म्हणून दोन भाषा आल्या, की माणूस आपोआप जास्त हुशार होतो, असे मी तुम्हांला सांगणार नाही. २०१९ साली अमेरिकेतील नऊ-दहा वर्षांच्या साडेचार हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासण्यात आली. लक्ष देणे, स्वतःला आवरणे अशा कामांत दोन भाषा जाणणारी मुले पुढे असल्याचे त्यात दिसले नाही. शास्त्रज्ञांमध्ये यावर अजून वाद आहे. पण दोन भाषांनी मेंदू बिघडतो, असे मात्र कोठेही सिद्ध झालेले नाही.

दोन भाषांची थोडी किंमत मोजावी लागते, हेही खरे आहे. दोन भाषा जाणणाऱ्याला चित्र पाहून नाव सांगायला क्षणभर जास्त लागतो. शब्द जिभेवर येऊन अडकण्याचा अनुभव त्याला अधिक येतो. शिवाय त्याचे शब्द दोन भाषांत वाटले गेलेले असतात. तुम्हांला भूमितीतील 'मुसल्लस' चटकन आठवतो, पण 'त्रिकोण' आठवायला वेळ लागतो. उलट 'सातबारा' किंवा 'दाखला' हे शब्द कार्यालयातून मराठीतच घरी आलेले असतात. एकाच भाषेतील शब्द मोजले, तर मूल कच्चे वाटेल. दोन्ही भाषांतील मिळून मोजा, म्हणजे ते कच्चे नाही, हे दिसून येईल.

आणखी एक गोष्ट आपल्याला जवळची आहे. हैदराबाद शहरात तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी अशा अनेक भाषा रस्त्यावर ऐकू येतात. तेथील निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस या संस्थेत डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या ६४८ रुग्णांची माहिती तपासली. ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. विशेष म्हणजे, कधीच शाळेत न गेलेल्या लोकांतही असा फरक दिसला. त्यांनीच पुढे पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचाही अभ्यास केला. पक्षाघातानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेले रुग्ण दोन भाषा बोलणाऱ्यांत शंभरात सुमारे ४० होते आणि एक भाषा बोलणाऱ्यांत सुमारे २०.

याचा अर्थ भाषा हे औषध आहे, असा नाही. दोन भाषा बोलणाऱ्यांनाही हे आजार होतात आणि सगळ्याच अभ्यासांत असा फरक दिसलेला नाही. पण आयुष्यभर रोज दोन भाषांतून निवड करणारा मेंदू संकटाच्या वेळी अधिक तग धरत असावा, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते. बाजारात भाजी विकणारी, दोन-तीन भाषांत भाव सांगणारी निरक्षर बाई आपल्या मेंदूला रोज व्यायाम देत असते, आणि तिला ते ठाऊकही नसते.

त्या मुलीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. एकदा रात्री दोन वाजता तिच्या अब्बांच्या छातीत पुन्हा कळ आली. अम्मींनी गोळी जिभेखाली ठेवली आणि शेजाऱ्यांच्या रिक्षातून त्यांना दवाखान्यात नेले. ते बरे होऊन घरी आले. पुढच्या पालकसभेला ते थोडे आधीच येऊन बाकावर बसले. दोन भाषांनी दिमाग़ उलझण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. त्यांनी मुलीच्या दप्तरातून मराठीचे पुस्तक काढले, ते माझ्यापुढे धरले आणि विचारले, "सर, अभी कौन सा सबक़ चल रहा है?"

मुलांनो, घरी उर्दू भरपूर बोला, वाचा, लिहा. पहिली भाषा पक्की असली, की दुसरीला आधार मिळतो. आणि मराठीच्या तासाला आवाज मोठा करा. चुका होतील. क्षणभर चुकीचा अर्थ आठवेल, मग बरोबर अर्थ आठवेल. तो क्षण म्हणजे मेंदूचा गोंधळ नव्हे. मेंदू आपले काम करत आहे, असे समजा.

शब्दार्थ

मेंदू – दिमाग़
परिचारिका – रुग्णांची सेवा करणारी, नर्स
रक्तवाहिनी – शरीरात रक्त वाहून नेणारी नळी
गुण येणे – औषधाचा परिणाम होणे
अर्धगोल – गोलाचा अर्धा भाग
पक्षाघात – लकवा, फ़ालिज
वाचा जाणे – बोलण्याची शक्ती नाहीशी होणे
एकजीव होणे – पूर्ण मिसळून जाणे
थोपवणे – अडवून धरणे, रोकना
स्मृतिभ्रंश – आठवण नाहीशी होत जाण्याचा आजार
शाबूत – जसाच्या तसा, न बिघडलेला
तग धरणे – टिकून राहणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) परिचारिकेने गोळी कोठे ठेवायला सांगितली?
(आ) लबोर्नला लोक कोणत्या नावाने ओळखत?
(इ) बहुतेक माणसांमध्ये भाषेचे मुख्य काम कोणता अर्धगोल करतो?
(ई) रशियन भाषेत पोस्टाच्या तिकिटाला काय म्हणतात?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अम्मींचा 'खाली' या शब्दाचा अर्थ का चुकला?
(आ) १९९७ सालच्या प्रयोगात दोन गटांमध्ये कोणता फरक आढळला?
(इ) विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत कोणता दोष होता?
(ई) दोन भाषा जाणणाऱ्याला कोणती किंमत मोजावी लागते?

प्र. ३. कारणे द्या.
(अ) जिभेखाली ठेवलेल्या गोळीचा गुण लवकर येतो.
(आ) विद्यार्थ्यांचे डोळे आधी मार्कर पेनाकडे गेले.
(इ) मराठीत फारसी भाषेतील पुष्कळ शब्द आले.

प्र. ४. पुढील शब्दांचा उर्दूतील अर्थ सांगा आणि मराठीतील अर्थाने वाक्यात उपयोग करा.
तालीम, सही, बाजू, खाली, मुलाखत

प्र. ५. चूक की बरोबर ते सांगा. चूक असल्यास विधान दुरुस्त करून लिहा.
(अ) दुसरी भाषा शिकली, की मेंदूत तिच्यासाठी संपूर्ण नवी जागा तयार होते.
(आ) दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कधीच होत नाही.
(इ) एकच भाषा बोलणाऱ्याच्या मेंदूलाही शब्दांची निवड करावी लागते.

प्र. ६. 'ती मुलगी मराठी मोठ्या आवाजात बोलली.' या वाक्यातील नाम, विशेषण व क्रियापद ओळखा.

उपक्रम : आपल्या घरात व गल्लीत कोण कोणाशी कोणत्या भाषेत बोलते, याची एक दिवस नोंद ठेवा. उर्दूत एक व मराठीत दुसरा अर्थ असणारे आणखी पाच शब्द शोधा आणि वर्गात सांगा.